ह्यांच्या कपड्यांवरची पांढरी धूळ

संध्याकाळचे सहा-साडेसहा झालेले असतात. हे कामावरून येतात. दारात बूट काढतात, शर्ट काढून मोरीजवळच्या खुंटीला अडकवतात, आणि तोवर धाकट्याने त्यांच्या पायांना मिठी मारलेली असते. आपण चहाचं आधण ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शर्ट नि ती पँट गॅलरीत नेऊन दोन-चारदा जोराने झटकतो आणि मग बादलीत भिजवतो. हे काम इतकं रोजचं, इतकं सवयीचं, की त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं मनातही येत नाही.

मैत्रिणींनो, आज मला याच झटकण्याविषयी तुमच्याशी बोलायचं आहे.

माझ्या लहानपणी, १९७० नंतरच्या काळात, आमच्या शेजारी एक काकू राहत असत. त्यांचे यजमान सिमेंटचे पत्रे आणि पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. काका घरी येत ते भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरे होऊनच. आम्ही मुलं त्यांना ‘गिरणीवाले काका’ म्हणत असू. आम्हाला वाटायचं, ते पिठाच्या गिरणीत काम करतात! काकू ते कपडे रोज झटकून, घासून लख्ख धूत असत. आपल्या धुण्याचा त्यांना मोठा अभिमान होता.

पुढे काका निवृत्त झाले, मुलं मार्गाला लागली. आणि २०१० नंतर काकूंना जिना चढताना धाप लागायला लागली. छातीत पाणी झालं. आधी क्षय समजून औषधं झाली. गुण येईना म्हणून डॉक्टर बदलले. प्रत्येक ठिकाणी केसपेपरवर एक रकाना असे, ‘व्यवसाय’. काकू सांगायच्या, “काही नाही हो, मी घरीच असते.” तिथे लिहिलं जायचं, ‘गृहिणी’. अखेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आणि तुमचे यजमान कुठे होते कामाला?” तेव्हा कुठे धागा सापडला. तपासणीत निघालं, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. त्यानंतर काकू वर्षभरही राहिल्या नाहीत. एकदा भेटायला गेले तेव्हा मला म्हणाल्या, “अगं, मी तर त्या कारखान्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही.”

त्यांचं हे एक वाक्य मला आजवर सोडत नाही. म्हणूनच हा लेख.

दगडातला कापूस

ॲस्बेस्टॉस हे एक खनिज आहे. ते खाणीतून दगडासारखं निघतं. पण नवल असं, की ते कापसासारखं पिंजता येतं. त्याचं सूत कातता येतं, कापड विणता येतं, आणि ते कापड जळत नाही. उष्णता अडवणारं, न कुजणारं आणि स्वस्त, मग काय विचारता! बॉयलरला गुंडाळायच्या दोऱ्या, वाफेच्या नळांवरचं आवरण, गाड्यांचे ब्रेक लायनर, भट्टीवाल्यांचे हातमोजे, छपराचे पत्रे, सांडपाण्याचे पाइप, सगळीकडे ते गेलं. तुमच्या-माझ्या घरातही ते होतं. स्टोव्हवर भांड्याखाली ठेवायची, मधोमध पांढरा गोल असलेली ती जाळी आठवते ना? शाळेच्या प्रयोगशाळेतही तीच असे.

मग यात वाईट काय? सुपात तांदूळ पाखडताना बारीक कोंडा कसा उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहतो, ते आपण पाहिलेलं आहे. ॲस्बेस्टॉस कापलं, घासलं, झटकलं की त्याचे तंतू असेच हवेत जातात. फरक एवढाच, की हे तंतू उभे चिरत चिरत इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसतच नाहीत. माणसाच्या केसाच्या कितीतरी पट बारीक! बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगू शकतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, आणि खोल फुप्फुसात गेलेले सगळेच तंतू शरीराला बाहेर टाकता येत नाहीत की विरघळवता येत नाहीत. काही तिथेच रुतून बसतात.

त्यातून मुख्यतः तीन आजार होतात. पहिला ॲस्बेस्टोसिस: फुप्फुसं हळूहळू चिवट, जाड होत जातात आणि श्वास पुरेनासा होतो. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. आणि तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आतल्या पातळ आवरणाचा कर्करोग. काकूंना झाला तो हाच. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला, म्हणजे पांढऱ्या, तपकिरी आणि निळ्या अशा सगळ्यांनाच, माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेळ. धूळ आज छातीत जाते आणि आजार दिसतो वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी. तोवर नोकरी संपलेली असते, कधी कारखानाही बंद पडलेला असतो, आणि त्या धुळीची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

आधी पाहिलं ते एका बाईनं

तुम्हाला ऐकून आश्चर्य वाटेल, पण या धुळीबद्दल सरकारदरबारी पहिला इशारा दिला तो एका स्त्रीने. इंग्लंडमध्ये कारखाने तपासण्यासाठी ज्या पहिल्या काही स्त्रिया नेमल्या गेल्या, त्यांतल्या ल्युसी डीन यांनी १८९८ सालच्या अहवालात ॲस्बेस्टॉसच्या कामाचा उल्लेख केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्या धुळीचे कण काचेसारखे धारदार आणि दातेरी दिसतात, असं त्यात नोंदवलेलं आहे. अहवाल छापला गेला आणि कपाटात राहिला.

पुढे १९२४ साली इंग्लंडमधल्याच रॉशडेल गावात नेली केरशॉ ही ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी बाई वारली. वय अवघं ३३. आजार कामामुळेच झाला, असं डॉक्टरने लिहून दिलं होतं, तरी कंपनीने नुकसानभरपाई नाकारली. एकीला दिली तर उद्या दुसरी मागेल, ही भीती! डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, आणि १९२७ साली त्यांनीच या रोगाला ‘ॲस्बेस्टोसिस’ हे नाव दिलं.

मग सरकारला जाग आली. मेरवेदर नावाचे डॉक्टर आणि प्राइस नावाचे इंजिनियर यांनी ३६३ कामगार तपासले, तेव्हा त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याला हा रोग जडलेला आढळला. हा अहवाल १९३० साली आला आणि १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगासाठी धुळीचे नियम झाले. यंत्रांवर झाकणं आली, धूळ ओढून घेणारे पंखे आले. पण त्या नियमांची नजर कारखान्याच्या फाटकाशी थांबली. संध्याकाळी त्या फाटकातून कपड्यांवर बसून काय बाहेर पडतं, हे कुणी पाहिलंच नाही.

धूळ घरी आली

ते पाहायला आणखी तीस वर्षं जावी लागली. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातले मेसोथेलिओमाचे ३३ रोगी नोंदवले. त्यांतले कितीतरी जण खाणीत कधी उतरलेही नव्हते. ते नुसते त्या भागात राहिले होते, लहानाचे मोठे झाले होते.

नंतर १९६५ साली लंडनमध्ये म्युरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्प्सन या दोघींनी एका रुग्णालयातल्या मेसोथेलिओमाच्या ७६ रोग्यांची माहिती घरोघरी विचारून गोळा केली. यातले ३१ जण स्वतः ॲस्बेस्टॉसच्या कामात होते. पण ९ जण असे निघाले की त्यांनी हे काम कधीच केलं नव्हतं. त्यांच्या घरातलं माणूस मात्र ते काम करत होतं. यात बहुतेक जणी बायका होत्या, आणि बहुतेकींची हकिगत एकच: नवऱ्याचे कामावरचे कपडे त्या धूत असत. एकीचा नवरा गोदीत माल उतरवायचा. तो तीन-चार वर्षं रोज संध्याकाळी पांढरा होऊन यायचा, आणि ही त्याला ब्रशने झटकून काढायची.

त्या नऊ जणांत दोन पुरुष होते. आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांच्या बहिणी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात जात. त्यांतल्या एकाची बहीण १९२५ ते १९३६ सूत कातायच्या कामावर होती. ती १९४७ साली ॲस्बेस्टोसिसने गेली आणि तिचा हा भाऊ १९५६ साली मेसोथेलिओमाने. कामावरून आलेल्या ताईला बिलगणारा मुलगा! आपल्या घरातलं, पायांना मिठी मारणारं लेकरू डोळ्यांसमोर येतं की नाही?

कायदा काय सांगतो

या सगळ्यातून जगाने एक साधा धडा घेतला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८६ साली ॲस्बेस्टॉसविषयी जो करार केला, त्यात स्पष्ट म्हटलं आहे की कामाचे कपडे मालकाने द्यावेत, ते धुण्याची आणि साफ करण्याची सोय त्यानेच करावी, आणि ते कपडे घरी नेण्यास मनाई असावी. कामगारांना हात धुण्याची, आंघोळीची सोयही कामाच्या जागीच हवी. म्हणजे बघा, जे धुणं आपण ‘आपलंच काम’ म्हणून मुकाट्याने करतो, ते मुळात आपलं नाहीच! ते कारखान्याचं आहे.

भारताने या करारावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या अर्जावर महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे आणि तो हक्क निवृत्तीनंतरही संपत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कारखान्याने कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षं, यांत जे उशिरा येईल तोवर ठेवायची, असा आदेश दिला. चाळीस वर्षं का? कारण हा आजार तितका उशिरा येतो. प्रत्येक कामगाराला आरोग्य विम्याचं संरक्षण द्यावं आणि या प्रकरणात ज्यांना आजार झाल्याचं तपासणीत ठरेल त्यांना १ लाख रुपये भरपाई द्यावी, असंही सांगितलं. सरकारने धुळीच्या मर्यादा वेळोवेळी तपासून आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी जुळवून घ्याव्यात, हेही त्याच निकालात आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात ॲस्बेस्टोसिस हा सरकारला कळवलाच पाहिजे अशा रोगांच्या यादीत होता. त्या कायद्याची जागा आता घेणाऱ्या २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. म्हणजे रोग आढळला तर डॉक्टरने तो कळवणं हे त्याचं कर्तव्य ठरतं.

जगातल्या साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे; ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर १९९९ साली ती आली. आपल्याकडे मात्र पांढरं ॲस्बेस्टॉस बाहेरून येतं आणि मुख्यतः पत्र्यांसाठी वापरलं जातं. संपूर्ण बंदीची मागणी घेऊन एक अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता, तो २०११ साली फेटाळला गेला; १९९५ च्या आदेशांचं पालन व्हावं, यावर मात्र न्यायालयाने भर दिला. तेव्हा बंदी येईल तेव्हा येवो, आज आपल्या हाती आहे ते आधी सांभाळूया.

“मला काय झालंय?”

पहिला प्रश्न घरात विचारायचा. ह्यांचं काम नेमकं काय आहे, हे आपल्यातल्या कितीजणींना सांगता येईल? ‘कंपनीत आहेत’ यापलीकडे आपल्याला माहीत नसतं. पत्र्यांच्या कारखान्यात आहेत का? बॉयलरवर? जुन्या नळांवरचं आवरण काढतात का? गॅरेजमध्ये ब्रेकचं काम करतात का? जुन्या ब्रेकचे ड्रम हवेच्या झोताने साफ करताना उडणारी काळी भुकटी निरुपद्रवी असेलच असं नाही. जुनी बांधकामं पाडण्याचं काम आहे का? मुंबईच्या दारुखान्यात किंवा गुजरातेत अलंगला जहाजं तोडण्याचं? जुन्या जहाजांत ॲस्बेस्टॉस ठासून भरलेलं असतं. ‘क्लेमेन्सो’ ही फ्रान्सची युद्धनौका अलंगला तोडायला येत होती, ती याच कारणावरून झालेल्या गदारोळानंतर २००६ साली परत बोलावली गेली.

हे म्हणतील, “इतकी वर्षं करतोय, मला काय झालंय?” तेव्हा भांडू नका. शांतपणे सांगा, की हा आजार तीस वर्षांनी येतो, म्हणून आज काही झालेलं नाही याला फारसा अर्थ नाही. ते म्हणतील, “तोंडाला रुमाल बांधतो.” रुमालाने हे तंतू अडत नाहीत, त्यासाठी खास गाळणीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा लागतो. आणि ते म्हणतील, “बोललो तर नोकरी जाईल.” ही भीती खोटी नाही, ती हसण्यावारी नेऊ नका. पण एकट्याने बोलायचं कारणच नाही. युनियनने बोलावं, चार-सहाजणांनी मिळून सुरक्षा समितीपुढे मांडावं. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय याच कामासाठी आहे. मागणीही डोंगराएवढी नाही: कपडे बदलायला दोन कप्पे, एक घरच्या कपड्यांचा नि एक कामाच्या; आंघोळीला पाणी; आणि कपडे तिथेच धुण्याची सोय.

तोवर घरात काय करायचं? आधीच सांगते, हे कपडे घरी धुणं कोणत्याही रीतीने पूर्ण सुरक्षित नाही. पण नाइलाजच असेल तर पुढची पथ्यं नक्की पाळा:

१. कपडे झटकू नका, ब्रशने कोरडे घासू नका. कामाच्या जागीच बदलून, ओले करून, पिशवीत बांधून आणायला सांगा.

२. पिशवी उघडताच कपडे थेट पाण्यात बुडवा. मुलांच्या कपड्यांत मिसळू नका, वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका.

३. बूट दाराबाहेर. आंघोळ झाल्याशिवाय लेकराला जवळ घ्यायचं नाही. हा नियम ह्यांना जड जाईल, पण समजावून सांगा.

४. ती जागा झाडूने झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

५. विडी-सिगारेट सुटेल तर लाख मोलाचं. अमेरिकेत १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका नुसत्या ॲस्बेस्टॉसने साधारण ५ पट, नुसत्या धूम्रपानाने ११ पट आणि दोन्ही मिळून ५० पटींहून जास्त आढळला होता.

आता छपराविषयी, कारण अनेकजणींच्या डोक्यावर हेच पत्रे आहेत. घाबरून जाऊन ते आजच उतरवायला लागू नका; उतरवतानाच जास्त धूळ उडते. अखंड पत्र्यात तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. धोका असतो तो करवतीने कापताना, भोक पाडताना, पावसाळ्याआधी शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने घासताना आणि फुटलेल्या तुकड्यांत. ते तुकडे अंगणात पसरू नका, आणि मुलांना ठिक्करीचा डाव खेळायला तर मुळीच देऊ नका. सगळेच सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे नसतात, पण नुसतं बघून ओळखता येत नाही. म्हणून जुना पत्रा तसाच आहे असं धरून चाला. काम करावंच लागलं तर पाणी मारून, माहितगार माणसाकडून करवून घ्या आणि मुलांना त्या दिवशी आजीकडे धाडा.

आणि हो, एकदा-दोनदा शर्ट झटकला म्हणजे आजार झालाच, असं मुळीच नाही. धूळ जितकी जास्त आणि जितकी वर्षं, तितका धोका जास्त. पण अमुक इतकी धूळ अगदी निर्धोक, अशी रेघही कुणाला आखता आलेली नाही. म्हणून आजपासून कमी केलेली प्रत्येक ओंजळ मोलाची.

शेवटी एक छोटंसं काम. दागिन्यांच्या पावत्या आणि मुलांचे दाखले आपण जपून ठेवतो ना? त्याच पिशवीत ह्यांच्या नोकरीची कागदपत्रं ठेवा: नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, कामगार विम्याचं कार्ड, छातीचे जुने फोटो. कारखाना बंद पडला तरी ही पिशवी आपल्याजवळ राहील. आणि कधी धाप लागली, कोरडा खोकला जाईना, छातीत दुखू लागलं, तर दवाखान्यात ‘व्यवसाय’ विचारल्यावर ‘काही नाही, घरीच असते’ एवढ्यावर थांबू नका. स्पष्ट सांगा, “माझे यजमान इतकी वर्षं अमुक काम करत होते, आणि त्यांचे कपडे मी धूत होते.”

आमच्या काकूंना हे वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते माहीत असावं, एवढ्यासाठीच हा सारा प्रपंच.